आईच्या पाटावरच्या सोळा वाटा

एका चातुर्मासात मी एक नेम धरला होता. कांदा-लसूण सोडणं, जेवताना मौन, हे दरवर्षीचंच. त्या वर्षी मात्र देवीपुढे तांदूळ ठेवून म्हटलं, घरात नवी वस्तू मांडायची ती शेजारच्या जुन्या वस्तूला विचारल्याशिवाय मांडायची नाही. घरात हसू झालं. "आई, मिक्सरनं फ्रिजची परवानगी घेतली का?" असं सूनबाई रोज विचारायची. विचारू दे. पुढे तिच्याच कॉम्प्युटरनं मला ही गोष्ट दिली.

त्या खोक्यात एक मोठी पाटी असते आणि बाकीचे सगळे भाग तिच्या अंगावर बसतात. तिला मदरबोर्ड म्हणतात. मदर म्हणजे आई, बोर्ड म्हणजे पाट. आईचा पाट! चित्रं दाखवणारं कार्ड त्या पाटावर बसतं, माहिती साठवणारी डिस्कही तिथेच बसते, आणि दोघांकडे माहिती नेणाऱ्या वाटा त्या आईच्या एकाच पदरातून निघतात. तर लहानांनो, थोरांनो, ऐका.

पूर्वी, वर्षं मोजायला कुणी बसलं नव्हतं तेव्हा, आईपाट नावाचं एक नगर होतं. ते एका देवीच्या पाटावर वसलं होतं. मधोमध राजवाडा. राजाचा विचार फार चपळ. एका श्वासात शंभर हुकूम सोडायचा. वाड्याच्या पूर्वेला चित्रशाळा होती. वाड्यापासून तिथपर्यंत जमिनीखालून सोळा वाटा जात, आणि त्यांतून हरकारे निरोप घेऊन धावत. आकाशाचा निळा कुठे ते एक सांगे, घोड्याचा पाय कुठे ते दुसरा सांगे. चित्रकार ऐकत जाई आणि चौकातल्या थोरल्या पडद्यावर रंगवत जाई. संध्याकाळी सारं नगर तिथे जमे. पडद्यावरचा घोडा खरोखर धावे.

कोठार मात्र दूर, वेशीजवळ. तिथून काही मागवलं की बैलगाडी निघायची आणि राजा पाय आपटत बसायचा.

एके दिवशी नगरात एक कोठीवाली आली. शेलाटी, वाऱ्यासारखी चालणारी. म्हणाली, "महाराज, मागाल ते मागताक्षणी आणून देईन. मला फक्त वाड्याजवळ जागा द्या."

राजानं खिडकीतून पाहिलं. चित्रशाळेला लागून एक ओटा होता. "तो रिकामाच आहे की!"

प्रधान म्हणाला, "रिकामाच आहे, महाराज."

दारावरचा शिपाई म्हणाला, "केव्हाचा रिकामा आहे."

तिघांनी पाहिलं, तिघांना रिकामं दिसलं. त्या ओट्यापर्यंतची वाट कुठून येते, हे एकानंही विचारलं नाही. आता काय म्हणावं!

कोठीवालीनं ओट्यावर दिवा लावला. दिवा लागला तसे जमिनीखालचे दरवाजे आवाज न करता फिरले. चित्रशाळेच्या सोळांतल्या आठ वाटा वळल्या आणि ओट्याकडे गेल्या.

राजा खूश झाला. मागेल ते क्षणात हजर. आणि त्याच संध्याकाळी चौकातल्या पडद्यावर हत्ती आला. सोंड मागाहून आली.

"अहो चित्रकारबुवा," गर्दीतली एक आजी ओरडली, "घोडा तीन पायांवर उभा आहे, चौथा धुवायला टाकलात का?"

चित्रकार घामाघूम होऊन वाड्यावर गेला. "महाराज, निरोप अर्धेच येतात. बाकीचं चित्र मी भिंतीला विचारून काढू का?"

"आता आणखी काय!" राजा म्हणाला. "कुंचले बदल."

कुंचले बदलले. दुसऱ्या संध्याकाळी नदी आली आणि मग थबकली. नाव पुढे गेली, नावाडी मागे राहिला.

"आता आणखी काय! पडदा बदला."

पडदा बदलला. नव्या पडद्यावर तेच लंगडं चित्र जास्त स्वच्छ दिसलं.

"हरकारे आळशी झालेत. त्यांना तूप-भात चारा!"

हरकाऱ्यांनी पोटभर तूप-भात खाल्ला आणि ते आणखी सुस्तावले.

देवीची जत्रा तोंडावर आली होती. जत्रेच्या दिवशी देवीची कथा पडद्यावर उमटायची, आणि ती पाहायला शेजारच्या गावांचीही माणसं यायची. राजा अगदी वैतागला. चित्रकाराला म्हणाला, "आमच्या आईची कथा अशी तुटकी दाखवायची? कुंचले खाली ठेव आणि वेशीबाहेर हो."

"महाराज, या पडद्यापुढे माझे केस पिकले," चित्रकार म्हणाला. "हात तोच आहे. काय बिघडलंय ते एकदा शोधा तरी."

"शोधलं की! तूच बिघडलायस."

चित्रकार वेशीबाहेर गेला आणि एका दगडावर बसून राहिला. दुसरं नगर त्याला ठाऊकच नव्हतं.

राजानं परमुलखातून नवा चित्रकार आणवला. त्याच्याबरोबर रंग कालवणाऱ्यांचा तांडा, केशराच्या डब्या, चंदनाचे कुंचले. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मोर काढायला घेतला. पिसारा उमलला. मोर आलाच नाही.

"हा तर थाटामाटाचा लंगडा!" आजी म्हणाली आणि घरी निघून गेली.

राजानं कपाळाला हात लावला. "आता आणखी काय!" एवढंच म्हणाला.

इकडे कोठीवाली रोज सकाळी ओटा झाडायची. तिच्या ओट्याशी आठ वाटा उघडत, पण तिची धाव चारांतूनच असे. उरलेल्या चारांच्या तोंडाशी कोळ्यानं जाळी विणली होती. जाळी काढता काढता तिच्या मनात आलं, एवढ्या वाटा मला दिल्या कुणी? मी तर जागा मागितली होती. आणि पलीकडे चित्रकाराचे निरोप अर्धेच का येतात?

तिनं केरसुणी ठेवली, पाय धुतले आणि नारळ घेऊन थेट देवळात गेली.

"आई, माझ्या ओट्यापाशी या वाटा कुणाच्या आहेत?"

मूर्तीतून आधी एक मोठा उसासा ऐकू आला.

"विचारलंत एकदाचं! कुंचले बदललेत, पडदा बदललात, माणूस बदललात, हरकाऱ्यांना तूप चारलंत. माझ्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही. बाई गं, माझ्या पदरात सोळा वाटा आहेत. पहिल्या दिवशी सोळा होत्या, आजही सोळाच. सतरावी कुठून काढू? चुलीला शेजारी वैल असतो, पण जाळ एकच असतो ना? वैलावर दुसरं भांडं चढवलं की मोठ्या भांड्याची आच उतरणारच. मग भात कच्चा राहिला म्हणून तांदळाला शिव्या देता होय!"

कोठीवाली वरमली. "म्हणजे या चित्रकाराच्या वाटा?"

"मग दुसऱ्या कुणाच्या? वाट अनेक झाली की तुम्ही वाटा म्हणता, आणि हिश्शालाही वाटाच म्हणता. शब्द तोंडात आहे, डोक्यात शिरत नाही."

"पण आई, मला तर चारच पुरतात."

"माझे दरवाजे आठाआठांनी फिरतात. घडणच तशी आहे."

"मग उरलेल्या त्या चार वाटा कुणाच्या?"

"कोळ्याच्या!" देवी म्हणाली. ती इतकी वैतागलेली होती, की समईची ज्योतसुद्धा हलली.

कोठीवालीला हसू आलं आणि रडूही. "मी ओटा सोडला तर?"

देवीचा आवाज मऊ झाला. "तर आठही वाटा आपल्या घरी जातील. वाड्याच्या मागच्या बाजूला आणखी एक ओटा आहे. त्याची वाट मागच्या देवडीतून जाते. तिथे पाणक्ये, गाडीवाले, सगळ्यांची वर्दळ असते. कधीमधी तुला थांबावं लागेल. चालेल?"

"चालेन," कोठीवाली म्हणाली.

कोठीवालीनं वाड्यावर जाऊन सारं सांगितलं, पण राजाला हे पटेना. "अगं, तू आमची सगळ्यांत चपळ! मागच्या दारानं आलीस तर उशीर होईल."

"एखादा श्वास जास्त लागेल, महाराज. बैलगाडीपेक्षा तर लवकर येईन ना? आणि वेशीबाहेर एक म्हातारा माझ्यापायी दगडावर बसलाय, हे आठवलं की माझे पाय तसेही जड होतात."

"बरं, जा मागच्या ओट्यावर," राजा म्हणाला.

कोठीवालीनं ओट्यावरचा दिवा उचलला आणि मागच्या ओट्यावर नेऊन ठेवला. जमिनीखालचे दरवाजे फिरले. चित्रशाळेत नव्या चित्रकारानं सहज कुंचला टेकवला, तर पडद्यावर अख्खा मोर नाचत आला. तो दचकला. मग त्यानं कुंचला पुसून ठेवला आणि राजाला म्हणाला, "महाराज, त्याचा हात चांगलाच असणार. अर्ध्या निरोपांवर तो हत्ती तरी काढत होता. मला मोरही जमला नाही."

राजा स्वतः वेशीपर्यंत चालत गेला. "चुकलो," म्हणाला. "चल घरी."

चित्रकार दगडावरून उठला नाही. "वाटा किती?"

"सोळा."

"मग चला."

जत्रेच्या संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर हत्ती आला, आणि सोंड त्याच्या आधी आली. घोडे चौखूर धावले. देवी पाटावर बसली, तिच्या पदराची घडी न घडी हलताना दिसली. आणि चित्राच्या एका कोपऱ्यात, मागच्या देवडीतून, हातात दिवा घेतलेली एक शेलाटी बाई चालत गेली.

आजीनं डोळे बारीक करून तिचे पाय मोजले. "दोन्ही आहेत हो!" ती ओरडली, आणि सारा चौक हसला.

"आता आणखी काय हवं!" राजा म्हणाला.

तात्पर्य: जागा रिकामी दिसली म्हणून वाट रिकामी नसते; आपल्याकडे येणारी वाट कुणाच्या वाट्यातून येते, ते बसण्याआधी विचारावं.

सूनबाईच्या मदरबोर्डचंही असंच निघालं. नवी डिस्क एका खाचेत बसवली की चित्राच्या कार्डाच्या वाटा निम्म्या होत, शेजारच्या खाचेत बसवली की तसं काही होत नसे. प्रत्येक आईचा रिवाज निराळा, म्हणून तर विचारायचं. तुम्हीही एवढा नेम धरा. घरात असो की कॉम्प्युटरात, नवं काही मांडण्याआधी शेजारच्या जुन्याला एकदा विचारा. त्यासाठी चातुर्मासाची वाट बघत बसू नका.