कमानीतला होला

फार मागची गोष्ट. नगरं राजांची होती आणि डोंगरातल्या माणसाला नगर बघायचा योग आयुष्यात एखाद्याच वेळी यायचा, तेव्हाची.

डोंगराच्या कुशीत पाथरवटांचं एक लहानसं गाव होतं. तिथे जाती, पाटे, उखळं घडत आणि खालच्या बाजारात विकली जात. त्या गावात हैबती नावाचा एक पाथरवट राहत होता. हात चांगला होता त्याचा, पण गावात त्याचं नाव झालं होतं ते काटकसरीमुळे. फुटक्या जात्याच्या तळीचं तो चुलीचं बूड करी आणि झिजलेल्या छिन्नीचा खुंटा. लोक थट्टेने म्हणत, हैबती झाडाखाली बसला तरी सावली जपून वापरतो.

थट्टा करणाऱ्यांचं काय जातं म्हणा. हैबतीने लहानपणी उपास काढले होते. तो पोरसवदा असताना नगराची मोठी वेस बांधायला निघाली आणि त्याचा बाप तिथे कामाला गेला. वर्षानुवर्षं बाप तिकडेच राहिला, सणासुदीला तेवढा यायचा. माघारी आईने दळणं दळून पोराला वाढवलं. बाईचं दुःख हलकं करायला फार लोक येत नाहीत, वाढवायला येतात. कुणी कुणी बोलून गेलं, की नगरात त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे, तो आता इकडचा राहिला नाही. शेवटी बाप आला तो छातीत दगडाची धूळ भरूनच आला, आणि थोड्याच दिवसांत गेला.

आता या लोकांची काम करायची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. पाथरवट दगड फोडण्याआधी त्यावर रेघ मारतो. दोरा ओल्या कावेत बुडवायचा, दगडावर ताणून धरायचा आणि मधून उचलून सोडून द्यायचा. तांबडी रेघ उमटते. रेघेच्या अलीकडचा दगड कामाचा, पलीकडचा टाकायचा. पण त्याच्याही आधी दगडाभोवती फिरावं लागतं. हातोडीने हळूच ठोकून, कान लावून, आत काय आहे ते ऐकावं लागतं. हैबतीचा बाप सांगायचा, "आधी दगडाला इचार, मग रेघ मार." दगडाच्या बाबतीत हैबती हे कधी विसरला नाही.

एका वर्षी दवंडी आली. राजा गादीवर बसला त्या तिथीला नगरात उत्सव आहे, त्या एका दिवशी धाकट्या वेशीतून येणाऱ्या गोरगरिबांना जकात माफ. हैबतीची मुलगी ठकू उड्या मारायला लागली. त्याच्या बायकोने, सारजेने, ठेवणीतलं लुगडं बाहेर काढून उन्हात टाकलं. हैबतीने ते पाहिलं आणि ठरवलं, जायचं. पहाटे निघायचं, दिवेलागणीला परत यायचं, आणि घराला खड्डा न पाडता सगळं बघून यायचं.

संध्याकाळी तो अंगणातल्या फरशीपाशी बसला. फरशीच्या मधोमध त्याने काव लावलेला दोरा सोडून रेघ मारली आणि दगडाचे कपरे, घडताना उडालेले बारके तुकडे, मांडले. एकेका खर्चाचा एकेक कपरा. बैलगाडीवाला माणशी पायलीभर जोंधळे घ्यायचा, त्याचे कपरे आधी. मग नगरातलं जेवण. तो कपरा त्याने रेघेपलीकडे सारला. भाकरी घरूनच न्यायच्या. धर्मशाळेची जागा पलीकडे गेली. नदीच्या घाटावर झाडं आहेत. खेळण्यांची गल्ली पलीकडे गेली. त्या वाटेने जायचंच नाही, म्हणजे ठकू मागायची नाही. खरं सांगायचं तर बेत फार सुरेख जमत होता. एखाद्या कारभाऱ्याने शिकावं असा.

तरी एक कपरा जास्त होत होता.

हैबतीची आई भिंतीला टेकून जवळच बसली होती. तिला आता नीट दिसत नव्हतं. माणूस ती पावलांवरून ओळखायची आणि दगड हाताने. हैबतीने टाकी लावलेला पाटा ती तळव्याने चाचपून सांगायची, की इथे अजून खरबरीत आहे, आणि तिथे खरबरीत असायचंच.

फरशीवर कपरा सरकल्याचा आवाज तिने ऐकला.

"हा शेवटला कशाचा रं?" तिने विचारलं.

हैबतीने खोटं सांगितलं नाही. "तुजा, आई. गाडीत तुला हिसके बसायचे. आन् तिथं जाऊन तुला दिसनार काय? पुढल्या वर्साला न्हेतो."

म्हातारी म्हणाली, "मला नगर न्हाई बघायचं रं. मोठ्या वेशीच्या कमानीत तुज्या बापानं एक होला कोरलाय. त्येवढ्यासाठी म्हनत हुते." होला म्हणजे अंगणात दाणे टिपायला येतो तोच, राखी रंगाचा, घुमणारा. "मरताना मला बोलला, त्येची मान म्या गावाकडं वळवलीया. खरंच वळवलीया का, त्येवढं बघून ये. हात लावून बघ."

"बघतो की," हैबती म्हणाला. त्यात खर्च काहीच नव्हता.

आईने उभा जन्म हा एक प्रश्न पोटात ठेवला होता. तो माणूस तिकडे राहिला, तेव्हा त्याचं तोंड घराकडे होतं की नव्हतं. लोकांचं काय ते सांगून झालं होतं. तिला दगडाकडून ऐकायचं होतं, कारण दगडावर घातलेला घाव मागे घेता येत नाही. हैबतीला यातलं काही माहीत नव्हतं असं नाही. लोकांची कुजबूज त्यानेही ऐकली होती. पण कपरे मांडताना त्याच्या मनात ती आली नाही, आणि फरशीवर सगळं बसल्यावर तो समाधानाने उठला.

नगर पाहून सारजा थक्क झाली आणि ठकूचे डोळे मिटेनात. धाकट्या वेशीतून ते फुकट आत गेले. घाटावर झाडाखाली त्यांनी भाकरी खाल्ली. हत्ती दिसला, कारंजं दिसलं, राजाची पालखीही लांबून दिसली. हैबतीचा बेत कुठेही चुकला नाही. दुपारी कळलं, की राजवाड्यापुढे प्रसादाचा लाडू फुकट वाटतायत. हा काही बेतात नव्हता, पण फुकटचा लाडू सोडायचा कसा. रांग लांबच लांब होती. तिघे उन्हात उभे राहिले, हळूहळू पुढे सरकले आणि शेवटी तीन लाडू घेऊन बाहेर आले, तेव्हा उन्हं कलली होती आणि गाडीवाला धाकट्या वेशीपाशी बैल जोडत होता.

"बाबा, आजीचा होला ऱ्हायला," ठकू म्हणाली.

मोठी वेस नगराच्या दुसऱ्या टोकाला होती. गाडी चुकली तर मुक्काम करावा लागणार आणि मुक्काम तर रेघेच्या पलीकडे होता. हैबतीने एकदा त्या दिशेला पाहिलं. "पुढल्या वर्साला बघू," तो म्हणाला आणि मुलीला उचलून गाडीत बसवलं.

घरी आले तेव्हा दिवे लागत होते. आई उंबऱ्याशी बसली होती. ती दिवसभर तिथून हलली नाही, असं शेजारणीने सारजेला मागाहून सांगितलं. हैबतीने स्वतःच्या वाटणीचा लाडू तिच्या हातावर ठेवला. तिने तो खाल्ला नाही, नुसता धरून ठेवला.

"बघितलास?" तिने विचारलं.

हैबतीच्या जिवावर आलं. आपण लाडवासाठी रांगेत उभे राहिलो, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? आणि आईचं मन राखायला एवढं तेवढं बोललं तर कुणाचं काय बिघडतं, असंही त्याला वाटलं.

"बघितला," तो म्हणाला. "मान गावाकडंच हाय, आई. बा खरं बोलला हुता."

आईचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने हळूच विचारलं, "केवढ्या उंचीवर हाय रं त्यो?"

हैबतीने कितीतरी कमानी पाहिल्या होत्या. पाखरं, वेली, सिंह, सगळं वर, कमानीच्या माथ्याशी कोरतात. त्याने बिनदिक्कत सांगितलं, "लई वर हाय. पार मान मोडंस्तवर वर बघावं लागतं."

म्हातारीने हातातला लाडू ठकूला दिला. "दमला असशील," ती हैबतीला म्हणाली. "जा, जेवून घे."

सारजेने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. ठकू लाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली.

त्यानंतर आईने होल्याचं नाव काढलं नाही. हैबतीला मात्र चैन पडेना. दगडावर घाव घालता घालता त्याचा हात थांबायचा. एकदोनदा त्याच्या मनात आलं, की आईला गाडीत घालावं आणि नगराला घेऊन जावं. पण एरवी गाडीचं भाडं दुप्पट, वर मोठ्या वेशीची जकात. पुढच्या उत्सवाला आईचा कपरा सगळ्यात आधी मांडायचा, असं त्याने स्वतःला बजावलं आणि त्याचं समाधान झालं. पावसाळा गेला. थंडी पडली तशी आईने अंथरूण धरलं आणि एका सकाळी, बाहेर अंगणात पाखरं दाणे टिपत असताना, ती गेली.

पुढल्या वर्षाची दवंडी यायची वाट हैबतीने पाहिली नाही. त्याने एक नवं जातं विकलं, भाव न करता विकलं, आणि ठकूला घेऊन तो नगराला गेला. मोठ्या वेशीवर त्याने जकात भरली. मग कमानीखाली उभा राहून त्याने मान वर केली. सिंह होते, वेली होत्या, मोरही होते. होला कुठे दिसेना. त्याने एकेक दगड न्याहाळला, पार मान दुखेपर्यंत. म्हातारीला बाप खोटंच बोलला होता की काय, अशी शंका त्याला येऊन गेली.

वेशीवरचा म्हातारा पहारेकरी त्याच्याकडे बघत होता. "काय शोधताय, पाव्हणं?"

"होला. माज्या बापानं कोरलेला."

"मग वर काय बघताय? खाली बघा. त्या डाव्या खांबाला."

खांबाच्या आतल्या अंगाला, बुटक्या बाईच्या खांद्याइतक्या उंचीवर, पाऊस-उन्हापासून आडोशाला एक होला बसला होता. ओंजळीत मावेल एवढाच. अंगावरचं पीस न् पीस कोरलेलं.

"आम्ही तवा इथं नवं नवं पहाऱ्याला हुतो," पहारेकरी म्हणाला. "मुकादम त्येला वरडला, की एवढं नाजूक काम खाली कशापायी, वर कोर. त्यो बोलला, माजी बायको ठेंगणी हाय. येईल तवा तिचा हात पोचला पायजे. तिला हे सांगून बी ठेवनार हाय म्हनला. आली का वो ती कधी?"

हैबतीने हात पुढे केला. आई करायची तसं, डोळे मिटून, तळव्याने त्याने ते पाखरू चाचपलं. पाठ, पंख, मग मान. मान वळलेली होती. ठकू धावत कमानीबाहेर गेली, तिने डोंगर कुठे आहेत ते पाहिलं आणि परत येऊन म्हणाली, "गावाकडंच हाय, बाबा."

तेव्हा हैबतीला सगळं कळलं. होला किती उंचीवर आहे, हे आईला पहिल्यापासून माहीत होतं. "लई वर हाय" हे शब्द ऐकताच तिला समजलं होतं, की पोरगा तिकडे गेलाच नाही. त्याने सांगितलं होतं ते खरंच होतं, बापाने मान गावाकडेच वळवली होती, पण न बघता सांगितलेलं ते खरं तिला धरता आलं नाही. पायलीभर जोंधळे वाचले होते. आणि जिला सांगायचं ती आता नव्हती.

हैबती त्या खांबापाशी बसला आणि लोकांच्या देखत रडला. ठकूने त्याला रडू दिलं.

त्यानंतरही हैबती काटकसरीच राहिला. गरिबाला ते सुटत नाही. पण त्याच्या घरातला पुढचा प्रत्येक बेत निराळ्या रीतीने ठरला. फरशीवर रेघ मारण्याआधी तो घरातल्या एकेकाजवळ जाऊन बसे आणि विचारी, "तुला कशासाठी जायचंय?" जे उत्तर येई त्याचा कपरा तो सर्वांत आधी मांडी. रेघ मारायची ती त्याच्यानंतर. गावातले लोकही हळूहळू तसंच करू लागले. ठकू म्हातारी झाली तेव्हा तिची नातवंडं तिला नगराला घेऊन गेली, आणि तिने त्यांना वर सिंहांकडे बघू न देता आधी खाली, डाव्या खांबापाशी नेलं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं सार एवढंच: खर्चाला कात्री लावण्याआधी जायचं कशासाठी ते आपल्या माणसांना विचारावं, कारण वाचवलेलं पुन्हा खर्चता येतं, पण राहून गेलेलं माणूस गेल्यावर भरून देता येत नाही.