होडी नसलेलं तळं

फार पूर्वी, समुद्राजवळच्या एका उष्ण मुलखात एक डोंगर होता. कधी काळी त्याच्या तोंडातून आग निघत असे. पुढे तो थंड झाला, आणि कित्येक पावसाळ्यांचं पाणी त्या तोंडात साठून तिथे एक गोल, खोल तळं झालं. तळ्याभोवती उभे कडे होते आणि कड्यांवर दाट रान. रानात मोठ्या चोचीचे धनेश होते, माणसाहून उंच नेचे होते, आणि जुन्या झाडांच्या फांद्यांवर आमरीची फुलं लोंबत असत.

डोंगराच्या पायथ्याला पाच गावं होती. पाचही गावांचे झरे त्या डोंगराच्या पोटातून येत. म्हणून गावांनी मिळून त्या रानाला अभय दिलं होतं. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, फासे लावायचे नाहीत, आणि तळ्यात होडी, तराफा, जाळं, काहीही घालायचं नाही. कारण काठच्या लव्हाळ्यांत टिबुकल्या अंडी घालत. हे छोटे पाणपक्षी. त्यांची घरटी पाण्यावरच तरंगतात, आणि जरा मोठी लाट आली तरी अंडी बुडतात. जो हा नियम मोडेल त्याने रानाबाहेर जायचं, आणि पुढच्या विणीतलं शेवटचं पिल्लू घरट्यातून उतरेपर्यंत परत पाऊल ठेवायचं नाही, अशी शिक्षा ठरली होती.

रानाची राखण एक बाई करत असे. सगळे तिला ठकूआत्या म्हणत. आधी तिचा नवरा राखणदार होता. तो गेल्यावर गावांनी ते काम तिलाच दिलं. काठावरची झोपडी हेच तिचं घर. आत्या कधी कोणावर ओरडत नसे. कोणी तळ्यात उतरायला परवानगी मागितली, की ती त्याला बसवी, पाणी देई, त्याचं सगळं ऐकून घेई आणि मग नाही म्हणे. पाटलाच्या मुलाला वरातीसाठी तळ्यात नाव हवी होती, त्यालाही ती नाही म्हणाली होती. तिच्या सख्ख्या भावाला चटयांसाठी लव्हाळे कापायचे होते, त्यालाही. भाऊ तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हता.

एके दिवशी एक प्रवासी आला. हुशार माणूस, पण त्याला एक खोड होती. जे मोजता येत नाही ते त्याला सहन होत नसे. या तळ्याला तळच नाही असं त्याने खाली गावात ऐकलं होतं. तो दोराला दगड बांधून आला होता. आपण फक्त मध्यापर्यंत जाऊ, दोर सोडू, परत येऊ, कोणाचंही काही बिघडणार नाही, असं त्याने आत्याला पटवून सांगितलं.

आत्याने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "तळ असला तरी पाणी एवढंच आहे, बाबा, आणि नसला तरी एवढंच. रात्र इथे काढ आणि सकाळी जा."

प्रवाशाने मान हलवली. पण उजाडायच्या आधीच तो उठला, पलीकडच्या काठाला गेला, रानकेळीचे खांब वेलींनी बांधून त्याने तराफा केला आणि पाण्यात ढकलला.

तो मध्यावर पोचला आणि कड्यांवरून वारा खाली उतरला. त्या वाटीसारख्या जागेत एकदा शिरलेला वारा बाहेर पडत नसे, गोल गोल फिरत राही. वेली सैल झाल्या, खांब सुटे झाले. प्रवासी एका खांबाला धरून गार पाण्यात लोंबकळत राहिला आणि हाका मारू लागला.

आत्या बाहेर आली. काय झालं ते तिला लगेच कळलं. तराफा बांधायला वेळ नव्हता. पागोळ्यांचं पाणी साठवायला झोपडीच्या वळचणीला एक लाकडी डोण ठेवली होती, तेवढीच तिच्याजवळ होती. पण डोण जड. पलीकडच्या मोकळ्या काठापर्यंत ती ओढत नेणं एकट्या बाईला जमणारं नव्हतं. झोपडीसमोरूनच पाण्यात घालायला हवी होती, आणि टिबुकल्यांची सगळ्यात दाट वस्ती नेमकी तिथेच होती.

आत्या काठाशी थांबली. ज्या पाण्यात तिने आयुष्यभर कोणाला उतरू दिलं नाही, त्यात तिला आता स्वतः डोण घालायची होती. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा बारीक. तिने डोण पालथी करून पाणी ओतून टाकलं, ती लव्हाळ्यांतून पुढे ढकलली आणि आत बसली. शेजारचं एक घरटं कलंडलं. टिबुकली बाजूला झाली आणि अंडी एकामागून एक पाण्यात गेली. आत्याने ते पाहिलं. तरी फळीचं वल्हं करून ती पुढे गेली.

डोणीत दोघं मावत नव्हती. प्रवासी डोणीची कड धरून तिच्या मागे तरंगत काठाला आला. आत्याने त्याला चुलीजवळ बसवलं, घोंगडी पांघरली, गरम पेज पाजली.

बोलता येऊ लागल्यावर प्रवासी म्हणाला, की हे कोणी पाहिलेलं नाही. डोण पुन्हा वळचणीला ठेवा, मी मागच्या वाटेने निघून जातो, मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही. त्याचे कपडे वाळल्यावर आत्याने आपलं गाठोडं बांधलं, त्याला बरोबर घेतलं आणि ती डोंगर उतरली.

झऱ्याजवळ पाच गावांचे पंच जमले. आत्याने घडलं ते सगळं सांगितलं, बुडालेल्या अंड्यांसकट. पंचांमधला एक तरुण म्हणाला, की याला नियम मोडणं म्हणायचंच नाही, बाईने जीव वाचवला आहे. लोकांनी माना डोलावल्या. तिचा रुसलेला भाऊसुद्धा पुढे झाला आणि म्हणाला, की या वयात तिला घराबाहेर काढू नका.

सर्वांत वयस्कर पंचाने आत्याला विचारलं, की पुन्हा असं झालं तर ती काय करेल.

"पुन्हा डोण घालीन," आत्या म्हणाली. "पण घातली ती घातलीच. आज मला सोडलंत, तर उद्या येणाऱ्याला मी काय सांगू? त्याच्याकडेही कारण असेल. कारण नसलेला माणूस त्या काठावर मी अजून पाहिला नाही."

मग पंचांनी आत्याला ठरलेली शिक्षा दिली.

प्रवासी मान खाली घालून म्हणाला, "मग मलाही तीच द्या."

"तू तसाही जाणारच होतास," म्हातारा पंच म्हणाला. "तुला घालवणं ही शिक्षा कसली? तू राहायचं. ती येईपर्यंत तळं तू राखायचं."

आत्या भावाकडे राहायला गेली. भावाने अबोला सोडला, वहिनीने तिला चांगलं सांभाळलं, पण रानातल्या आवाजांशिवाय तिला कितीतरी दिवस झोप लागली नाही.

वर झोपडीत प्रवाशालाही सुरुवातीला करमेना. पळून जावं असंही त्याच्या मनात आलं. मग लोक येऊ लागले. एकाला पैज जिंकायची होती, एकाला औषधासाठी पाण्यातलं मूळ हवं होतं, आणि एका आईला मुलाच्या नवसाचा दिवा मध्यावर नेऊन सोडायचा होता. ती रडत होती. प्रवासी आधी सगळ्यांवर ओरडत असे. हळूहळू तो त्यांना बसवू लागला, ऐकू लागला. त्या आईला नाही म्हटल्यावर तो स्वतःही तिच्याबरोबर रडला, आणि तिचा दिवा दोघांनी काठावरच लावला.

पुढची वीण आली आणि गेली. टिबुकल्यांची पिल्लं पाण्यात पोहू लागल्याचं गावात कळलं, तशी आत्या निघाली. भावाने गाठोडं डोक्यावर घेतलं. रान सुरू होतं तिथे प्रवासी उभा होता. तो आत्याच्या पाया पडला, पण वाटेतून हलला नाही.

"आत्या, एका घरट्यात अजून एक पिल्लू आहे," तो म्हणाला. "अंडं उशिरा फुटलं. ते उतरेपर्यंत मला तुम्हाला आत सोडता येणार नाही."

भाऊ संतापला. जिने तुला पाण्यातून काढलं तिलाच तू अडवतोस, असं तो बोलला. प्रवाशाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो तसाच उभा राहिला.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने भावाच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि रानाच्या हद्दीबाहेरच्या झाडाखाली बसून घेतलं. "तू घरी जा," ती भावाला म्हणाली. "मी थांबते. आता तळ्याची काळजी नाही."

ते पिल्लू पाण्यात उतरलं, त्या सकाळी प्रवासी धावत खाली आला. गाठोडं उचलून तो आत्याच्या पुढे चालू लागला, आणि पुढे जन्मभर तिथेच राहिला.

तात्पर्य: जीव वाचवण्यासाठी नियम मोडावा लागला तर मोडावा, पण त्याची शिक्षा आपण स्वतः भोगावी, तसं केलं तर नियमही टिकतो आणि तो राखणारी माणसंही तयार होतात.