आबांची पाठ

"पण पाठच का दिसते, बाबा? तोंड का दिसत नाही?"

येसूबाबा चुलीपुढं बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

येसूबाबा डोंगरावरच्या भैरोबाच्या देवळात राहायचे. खालच्या वाडीतले लोक म्हणायचे, बाबांना ज्ञान झालंय. बाबांना विचारलं तर म्हणायचे, "ज्ञानाचं ठाऊक नाही बुवा, संधिवात मात्र झालाय."

विचारणारा होता सोपान दारवटकर. वाडीचाच, पण आता पुण्यातला नावाजलेला वक्ता. थोरामोठ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या त्याच्यावाचून पार पडत नसत. हातात कागदाचा चिटोराही न घेता दोन-दोन तास बोलायचा, आणि त्याचा त्याला ताठाही होता. आज मात्र डोंगर चढून आला तो पार गळून. डोळे तारवटलेले, तोंडावर आठ दिवसांचं जागरण.

"कुणाची पाठ?" बाबांनी विचारलं.

"आबांची. आमच्या आजोबांची. उद्या वर्षश्राद्ध. सगळी वाडी जमणार, आणि जो तो म्हणतोय, सोपान, तू चार शब्द बोल."

"मग बोल की. तुझा धंदाच तो."

"काय बोलू? डोळे मिटून बसतो, आबांना समोर आणायला बघतो. दिसते ती नुसती पाठ... एकदा वाचलेलं पानन्‌पान आठवतं मला, बाबा. आणि ज्यानं मला वाढवलं, त्याचं तोंड आठवत नाही!"

"फोटो नाही?"

"आधार कार्डावरचा आहे. तो कुणाचाही वाटतो."

बाबा हसले, मग खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "माणूस कसा होता?"

सोपाननं घसा साफ केला. आवाज आपोआप सभेतला झाला.

"भिकोबा दारवटकर म्हणजे अखंड श्रमाची मूर्ती. निसर्गाशी एकरूप झालेलं एक असामान्य..."

"वक्तेसाहेब," बाबा म्हणाले, "मी म्हातारा माणूस. सरळ सांग ना."

सोपान ओशाळला.

"घरात नसायचेच ते," तो हळूच म्हणाला. "उजाडायच्या आत रानात. खाचरात भात, वर माळावर नाचणी, गुरं, लाकूडफाटा. काम नसलं तरी रानातच. कुठल्या झाडाला मोहोळ लागलंय, कुठला झरा उन्हाळ्यात आटत नाही, सगळं तोंडपाठ. थंडीतसुद्धा अंगणात झोपायचे. छपराखाली जीव घुसमटतो म्हणायचे. एकदा ताप होता, आजीनं दाराला कडी लावली, तर खिडकीतनं उडी मारून बांधावर जाऊन बसले."

"वा!" बाबा म्हणाले.

"गेले तेही बांधावरच. त्र्याऐंशीव्या वर्षी. ढासळलेला बांध रचत होते. मी पुण्याहून येईपर्यंत सगळं उरकलं होतं."

"आणि तू? तू कुठं होतास ह्या सगळ्यात?"

"त्यांच्या मागं. मी सहा वर्षांचा असताना आई-वडील गेले. तेव्हापासून बारा वर्षांचा होईपर्यंत रोज त्यांच्याबरोबर रानात. पुढं ते, मागं मी. मग बोर्डिंगात टाकलं."

"मग पाठ दिसते ह्यात नवल काय?"

"नवल नाही..." सोपान थांबला. "खरं सांगू, बाबा? सहा वर्षांत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पोरगं येतंय का, राहिलं मागं, काही नाही. आपलं काम भलं नि आपलं रान भलं. माझं त्यांना काही नव्हतंच. लोकांना वाटतं, आजा-नातवाची केवढी माया असेल! उद्या त्यांच्यापुढं उभा राहून खोटं बोलू? जन्मभर दुसऱ्यांच्या आजोबांवर बोललो, तिथं खोटं चाललं. इथं नाही चालायचं."

मग बाबा भिंतीला धरून, कण्हत उठले. "चल. सरपण संपलंय."

"अहो, मी काय विचारतोय आणि तुम्ही..."

"जेवून जाणार ना? मग भाकरी काय तुझ्या व्याख्यानावर भाजू?"

जाताना दोघं मोकळ्या उतारानं गेले. खालच्या ओढ्याकाठी वाळकी लाकडं गोळा केली. बाबांनी लहान मोळी डोक्यावर घेतली, मोठी सोपानच्या खांद्यावर दिली. येताना मात्र बाबांनी करवंदीच्या जाळीतली आडवाट धरली. एकामागं एकच माणूस जाईल एवढीच वाट, तीही चढाची. बाबा पुढं, सोपान मागं. सोपानला धाप लागली. वर्षभराचा शीण त्या लाकडांत येऊन बसलाय असं त्याला वाटायला लागलं. कशाला आलो आपण इथं, ह्या म्हाताऱ्याची लाकडं वाहायला?

बाबांनी समोरची फांदी हातानं बाजूला सारली, पाऊल पुढं टाकलं आणि फांदी सोडून दिली.

सप्पकन ती सोपानच्या तोंडावर बसली. गालावर काट्यांचे ओरखडे उठले, रक्त आलं. मोळी खाली पडली.

"अहो बाबा!" सोपान ओरडला. "मागं माणूस आहे ना! जरा धरायची की फांदी! काही रीतभात? आमच्या आबांनी कधी..."

तो थांबला.

बाबाही थांबले. वळले मात्र नाहीत.

"काय आबांनी?"

"...धरायचे ते."

"काय?"

"फांदी. हात मागं लांबवून धरून ठेवायचे. एका हातानं डोक्यावरचा गवताचा भारा, दुसऱ्या हातात फांदी. काटे तळव्यात रुतायचे त्यांच्या. माझं डोकं पार होईपर्यंत धरायचे... मग सोडायचे."

"कधी लागली तुला?"

"नाही."

"सहा वर्षांत?"

"एकदाही नाही, बाबा."

"वळून बघायचे?"

"नाही."

"मग तू पार झालास, हे त्यांना कळायचं कसं?"

सोपान, इतक्या सभा गाजवलेला माणूस, तो वाटेतच मटकन बसला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला. आबा गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा आल्यागेल्याला चहा विचारत हिंडला होता.

बाबा तसेच पाठमोरे उभे राहिले, डोक्यावर मोळी घेऊन. त्यांचे पाय थरथरत होते.

बऱ्याच वेळानं सोपाननं डोळे पुसले. गालावरचं रक्त बाहीला लागलं. मोळी उचलून खांद्यावर घेतली.

"बाबा... मग उद्या काय बोलू मी?"

बाबांनी एक लांब श्वास सोडला. अंग चोरून वाटेच्या कडेला सरकले. वर देवळापर्यंत सगळी जाळीच होती, दोन्ही बाजूंनी वाटेवर आलेली.

"दमलो रे मी," बाबा म्हणाले. "आता तू पुढं हो."