तांदळात लिहिलेले नाव

फार पूर्वी एका गावात एक सधन घराणे नांदत होते. त्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव बदलून तिला लक्ष्मीचे एखादे नाव देण्याचा रिवाज होता. सासूबाई भाग्यलक्ष्मी, थोरली सून गृहलक्ष्मी, मधली धनलक्ष्मी. अंगणातून कोणी नुसती 'लक्ष्मी' अशी हाक मारली, की तिघी एकदम 'ओ' देत आणि मग एकमेकींकडे पाहत राहत.

धाकट्या मुलाचे लग्न लागले. रिवाजाप्रमाणे तबकात तांदूळ पसरले गेले आणि नवरीचे नवे नाव लिहिण्यासाठी वराने हातात अंगठी घेतली.

"लिही, वैभवलक्ष्मी!" सासूबाईंनी फर्मावले.

नवरीचे डोळे भरून आले. "सासूबाई, माझं शेवंती हेच नाव राहू द्या ना. मी जन्मले तेव्हा आत्याच्या दारी शेवंती फुलली होती, म्हणून तिनं हे ठेवलं. आता आत्या नाही. तिनं माझ्या कानात सांगितलेलं नाव तेवढं उरलंय."

"अगं, फूल आज आहे, उद्या नाही. लक्ष्मी कशी, घरात टिकते!"

वर घुटमळला. त्याने विचारले, "आई, तुझं माहेरचं नाव काय गं होतं?"

"नसत्या चौकश्या नकोत. तू लिही!"

पण सासूबाईंचा वृद्ध भाऊ मांडवातूनच मोठ्याने हसला. "रेवा! आमची रेवा! रेवा म्हणजे नर्मदा, उसळ्या मारत धावणारी. ही आईच्या पोटातच इतक्या उड्या मारायची, की आत्यानं बारशाआधीच नाव ठरवून टाकलं!"

"दादा, चारचौघांत काय हे!"

"सासूबाई आणि उड्या?" थोरली सून पुटपुटली, आणि सारा मांडव खळखळून हसला.

सासूबाईही हसल्या, मात्र हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. "किती वर्षांनी कोणी या नावानं हाक मारली रे मला!" मग मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "बघतोस काय? शेवंती लिही. चांगलं ठसठशीत."

थोरली हळूच पुढे सरकली. "सासूबाई, माझं यशोदा होतं."

"आणि माझं कावेरी!" मधली म्हणाली.

"मग सांगत काय बसलात? या इकडे!"

चार नावांना तबक पुरेना. शेवटी स्वयंपाकघरातून मोठी परात आणवली, आणि तांदळात पहिले नाव सासूबाईंनी स्वतःच्या बोटाने लिहिले: रेवा.

तात्पर्य: नावामागे ते ठेवणाऱ्याची माया असते; ज्याला आपलेसे करायचे, त्याचे नाव बदलण्यापूर्वी त्याची कथा विचारावी.