लग्नाच्या मेणबत्तीची शेंडी

फार जुनी गोष्ट. वसईकडे एक फिलूमावशी लग्नाच्या मेणबत्त्या सजवायची. एकदा तिने हातभर उंच मेणबत्ती केली, अंगभर मेणाचे गुलाब आणि सोनेरी जर. मेणबत्तीचा तोरा काय विचारता!

मावशीची पाठ वळताच ती कात्रीला म्हणाली, "ताई, डोक्यावरची ही वात तेवढी काढ. एवढ्या नटण्यात ही शेंडी शोभते का?"

"अगं, पण वात..."

"काढ म्हणते ना!"

कात्रीने वात मुळाशी कापली. मेणबत्तीने वरचा गुलाब त्या जागेवर ओढून घेतला, म्हणून मावशीच्या ध्यानात आलं नाही.

चर्चमध्ये नवरा-नवरी आपापली बारकी मेणबत्ती पेटवून, ती मोठी मेणबत्ती मिळून पेटवायला पुढे आले आणि थबकले. ही मोठी पेटवायची कुठून?

"पेटवायची? मला?" मेणबत्ती हादरलीच.

तेवढ्यात मावशी सुरी घेऊन धावली आणि तिने तो वरचा गुलाबच उकरून काढला. खालचं मेण कोरताच मेणबत्तीच्या पोटातून गेलेली वात सापडली. दोन्ही ज्योती तिला टेकल्या. मेणबत्तीने भीतीने डोळे गच्च मिटले. उघडले, तर समोर नवरीचा चेहरा झळाळत होता.

"हा उजेड कुणाचा गं?" मेणबत्तीने दचकून विचारलं.

नवरीच्या हातातली बारकी मेणबत्ती म्हणाली, "तुझाच की. पोटात घेऊन फिरत होतीस, आणि तुला ठाऊक नाही?"