हिवरगडाचे आतले खिळे

या दरवाजाचे खिळे आतल्या बाजूला आहेत हे तुमच्या लक्षात आलं, बरं झालं. बरेच पाहुणे दाराला टेकून फोटो काढतात आणि सदरा फाटला की मग विचारतात. गडाच्या दाराला खिळे असतात ते बाहेरून, शत्रूच्या हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. आमच्या हिवरगडाचे आत का, ते ऐका. माझ्या आज्यानं सांगितलं तसं सांगतो. खरंखोटं देवीला ठाऊक.

असं सांगतात, की फार पूर्वी इथे मानदेव नावाचा राजा होता. दर दसऱ्याला सीमोल्लंघन करून तो नवा मुलूख जिंकायला निघायचा. खोटं कशाला बोलू, त्यानं सुखही आणलं. देवीच्या देवळाला सोन्याचा कळस चढला, जिंकलेल्या मुलखातून धान्याच्या गोण्या येऊ लागल्या. आयतं मिळतंय तर राबायचं कशाला? गावानं नांगर वळचणीला टांगले. पण जिंकलेली सीमा राखायला माणसं लागत, त्या माणसांना पोसायला नवा मुलूख लागे, आणि तो जिंकायला पुन्हा माणसं. राज्य वाढत गेलं आणि गाव आटत गेलं. म्हातारे, बाया आणि मिसरूड न फुटलेली पोरं तेवढी उरली.

मग एका साली लांबचे मुलूख उलटले आणि गोण्या बंद झाल्या. आमच्या शेतांत तर कमरेएवढं गवत माजलेलं. राजानं उपाय काढला तो त्याच्याजोगाच: आणखी एक स्वारी, आणि या खेपेला पोरंसुद्धा. आपल्यामागे गडावर कुणी चालून येईल, अशी धास्तीही त्याला पहिल्यांदाच वाटली. म्हणून दसऱ्याच्या आत दाराला खिळे ठोकायचा हुकूम सुटला.

हुकूम गेला राही लोहारणीकडे. तिचा नवरा आणि थोरले दोघे मुलगे स्वारीवर गेले ते परतले नव्हते. धाकटा चांगा तेवढा उरला होता, आणि आता त्यालाही बोलावणं आलं. एवढा एक ठेवा म्हणून ती राजाच्या पाया पडली. राजा म्हणाला, सगळ्यांचेच जातात. त्यात भर म्हणजे चांगाला स्वतःलाच जायचं होतं. फेटा बांधून तो गावभर मिरवत होता. आईचं ऐकायचं ते वय नव्हतं.

खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो. त्या दिवशी लोहार घणाला हात लावत नाही. लावला तर वंश बुडतो, अशी समजूत. सारं गाव देवीपुढे जमलेलं असताना, ढोलांच्या आवाजात राहीनं घण उचलला म्हणे. दाराबाहेर उभं राहून तिनं एकेक खिळा असा ठोकला, की टोकं आत निघाली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, फौज दाराशी आली. दार आत उघडणारं. कवाडं ओढली तर खिळे बाजूच्या भिंतींना अडले आणि दार अर्ध्यावरच थांबलं. माणूस तिरका होऊन जाईल एवढीच फट. राजाचा हत्ती अडला, घोडी अडली, मुहूर्त टळू लागला. कुणी केलं हे, म्हणून राजानं विचारताच राही पुढे आली.

"शत्रू बाहेरून येतो, एवढंही कळलं नाही तुला?"

"भाईरनं येऊन कुणी आमचं काय न्हेलं न्हाई, म्हाराज," ती म्हणाली. "माझा धनी गेला, दोन ल्योक गेले, ते ह्याच दारातनं, आतनं भाईर."

बाकीच्या पोरांच्या आया तिथेच उभ्या होत्या. राजानं घण चांगाच्या हातात दिला. आतून टोकांवर घाव घालून खिळे मागे हटवलेस तर माझ्या हत्तीशेजारी चालशील, म्हणाला. नाहीतर मायलेकांना कड्यावरून लोटीन.

चांगानं घण घेतला. आईकडे पाहिलंही नाही. तिरका होऊन तो फटीतून बाहेर पडला. राहीला वाटलं, गेला. घणाला हात लावला त्याचं हे फळ. तिनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाहेरून घाव बसला, आणि आतलं एक टोक बोटभर पुढे आलं.

मग दुसरा पोरगा बाहेर गेला, त्यानं चांगाच्या हातातला घण घेतला. मग तिसरा. कितीजणांना कड्यावरून लोटणार? राजा हत्तीवरून उतरला म्हणे. पुढे त्यानं नांगर धरला, असं माझा आजा सांगायचा. मला काही ते खरं वाटत नाही. गावानं मात्र धरला.

आजही खंडेनवमीला गावची सारी अवजारं पूजेत असतात, लोहाराचा घण तेवढा नसतो. लोहाराचा धाकटा मुलगा दाराबाहेर उभा राहून खिळ्यावर एकच घाव घालतो. बघायला कुणी जात नाही. आवाज आला की घरोघरच्या आया हातातलं काम टाकून आपलं पोर कुठे आहे ते बघतात. माझा नातू फौजेत आहे, लांब सरहद्दीवर. घण वाजला की त्याची आई उंबऱ्यात येऊन उभी राहते, आणि हाक मारली तरी बराच वेळ आत येत नाही.