केरबा आणि लाल गाडीचा मॅनिफोल्ड

कोल्हापूरहून निपाणीकडं जाताना हमरस्त्याला लागून एक गाव आहे. त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. वय चाळीस. अंगानं असा, की गिअरबॉक्स एकटा उचलायचा. मनानं असा, की 'उचल' म्हटलं की उचलायचा आणि 'ठेव' म्हणेपर्यंत ठेवायचा नाही. एकदा दस्तगीर मिस्त्री 'ठेव' म्हणायचं विसरून जेवायला गेले. परत आले तर केरबा गिअरबॉक्स कवटाळून उभाच.

"अरे, खाली ठेवायचा की!"

"तुम्ही कुठं म्हणला?"

दस्तगीर मिस्त्रींचं रस्त्यालगत गॅरेज होतं. केरबा तिथं कामाला. मिस्त्री रोज त्याला काढून टाकायचं ठरवायचे. पण रोज काहीतरी जड उचलायचं निघायचंच.

तर त्या गॅरेजात एक लाल अमेरिकन गाडी उभी होती. साठ वर्षांची. दोनच दारं, लांबलचक नाक आणि आठ सिलिंडरांचं इंजिन. पळण्यासाठीच केलेली. धरणाच्या कामावर आलेला एक अमेरिकन इंजिनिअर जाताना ती विकून गेला, आणि घेतली ती गावच्या मगदुमांनी. मगदुमांचा तंबूतला सिनेमा होता. गाडी गावात शिरली की सिनेमाची जाहिरात वेगळी करावी लागायची नाही, असा तिचा आवाज. आता मगदूम राहिले नव्हते. गाडी त्यांच्या बायकोची, इंदूकाकींची.

गाडीचा आवाज मात्र गेला होता. तिचा मूळचा मॅनिफोल्ड तडकला होता. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसणारा ॲल्युमिनियमचा नळ्यांचा भाग. कार्बोरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल तो आठही सिलिंडरांना वाटून देतो, आई पंक्तीला वाढते तसा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. कुठल्यातरी मिस्त्रीनं मधेच दुसऱ्या इंजिनाचा मॅनिफोल्ड ठोकून बसवला होता. त्याच्यावर गाडी चालायची, पण धापा टाकत.

"दस्तगीर," इंदूकाकी म्हणायच्या, "ह्यांच्या वेळचा आवाज एकदा ऐकव बाबा. आन् मग गाडी पुण्याच्या मेळ्यात न्यायची. ह्यांची लई इच्छा होती."

मेळा जुन्या गाड्यांचा. तिथं घेण्याआधी परीक्षक घरी येऊन बघून जायचे. महत्त्वाचा भाग अस्सल नसला, तर गाडी घरीच.

आणि हा मॅनिफोल्ड मिळणं म्हणजे चेष्टा नव्हती. कारखान्यानं तो मोजक्याच गाड्यांपुरता ओतला आणि साचा मोडून टाकला. मिस्त्रींनी तीन वर्षं शोधला. शेवटी मिरजेच्या एका भंगारवाल्याकडं सापडला. त्यानं त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवला होता. मिस्त्रींनी माठाला नवी तिवई करून दिली आणि मॅनिफोल्ड मांडीवर घेऊन एस.टी.नं गावात आणला.

"केरबा, ह्येला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत."

आता तो बसवायचा तर मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्या मधे पातळ पुठ्ठ्याचा गॅस्केट लागतो. मिस्त्रींनी केरबाला कोल्हापूरला पाठवलं. केरबानं गॅस्केट घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि आणून दिला. मिस्त्रींनी उलगडला तर चार तुकडे.

"अरे मर्दा, पातळ वस्तू अशी आणत्यात व्हय? दोन फळ्यांच्या मधी घालायची, वर धोंडा ठेवायचा, आन् दाबून आणायची!"

"चुकलं मिस्त्री. ध्यानात ठेवतो."

केरबाच्या ध्यानात एकदा बसलं की बसलं.

नवा गॅस्केट मिस्त्रींनी स्वतःच आणला. दोन दिवसांनी कार्बोरेटरचा फ्लोट पाहिजे होता. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी, ती पेट्रोलवर तरंगते. मिस्त्रींना दुसरं काम होतं, म्हणून केरबाला पाठवलं. दुकानदार म्हणाला, "सांभाळून न्या हं, पत्रा पातळ आहे."

पातळ! केरबाला एकदम आठवलं. त्यानं दुकानदाराकडं दोन फळ्या मागितल्या. धोंडा रस्त्यावरच मिळाला. फ्लोट मधे, धोंडा वर, आणि त्या धोंड्यावर केरबा स्वतः बसला. टेम्पोवाल्यानं त्याला तसाच गॅरेजसमोर उतरवला.

मिस्त्रींनी फळी उचलली. फ्लोटची भाकरी झाली होती.

"केरबा, ही पोकळ वस्तू रं! पोकळ वस्तू दाबायची नसती. पाण्यात बुडवून बघायची. बुडबुडं आलं तर खराब, न्हाई आलं तर चांगली. कळलं?"

"कळलं. पोकळ असली की पाण्यात."

त्याच आठवड्यात गाडीतला जुना रेडिओ दुरुस्त होऊन तयार झाला. इंदूकाकींनी तो मुद्दाम वळिवड्याच्या एका कारागिराकडं दिला होता. आणायला केरबा गेला. रेडिओ ताब्यात घेतला आणि वाजवून बघितला. म्हणजे बोटानं. टक टक. आत पोकळ.

गॅरेजात आल्या आल्या केरबानं तो पाण्याच्या हौदात धरला. चांगला दोन मिनिटं.

"मिस्त्री," तो वाईट तोंड करून म्हणाला, "कारागिरानं फसवलं आपल्याला. लई बुडबुडं आलं."

मिस्त्री एका टायरवर बसले. मग म्हणाले, "केरबा, आजपासनं तू गाडीच्या कुठल्या वस्तूला हात लावू नगंस. तू आपला रंगकाम कर. माझा फोन नंबर बदललाय. बाहेरच्या पाटीवर नवा नंबर घाल."

केरबानं नवा नंबर घातला. सुंदर घातला. जुन्याच्या बरोबर खाली. जुना काढ, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

लोक वरचाच नंबर लावायचे. तो आता एका बँडवाल्याकडं गेला होता. गिऱ्हाईक फोन करून म्हणायचं, "क्लच लई वाजतोय." बँडवाला म्हणायचा, "आमच्यापेक्षा चांगलं कोण वाजवतंय? तारीख सांगा."

चार दिवस गॅरेजात एकही फोन आला नाही. पाचव्या दिवशी एक ट्रकवाला भांडायलाच आला. तेव्हा मिस्त्रींनी पाटी बघितली.

"केरबा! अरे, जुना नंबर दिसला की आधी घासून काढायचा, आन् त्या जागी आपला नवा नंबर ठळक घालायचा!"

"पाटीवर?"

"पाटीवर, भिंतीवर, पेट्यांवर, जिथं दिसंल तिथं!"

"जिथं दिसंल तिथं," केरबा पुटपुटला, आणि ध्यानात ठेवलं.

या वेळी त्यानं काम चोख केलं. पाटी झाली, भिंत झाली. लोखंडी पेट्यांवरचे आकडे कानशीनं घासले आणि नवे आकड्यांच्या पंचानं, हातोडीनं ठोकले. मिस्त्री पहिल्यांदाच खूश झाले. "हे बघ, मनात आणलंस तर तू करतोस," म्हणाले. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

इकडं मॅनिफोल्ड बसला. मिस्त्रींनी एकेक बोल्ट स्वतः आवळला. इंदूकाकींना बोलावलं. त्या डोक्यावर पदर घेऊन चालकाच्या जागी बसल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन आधी खाकरलं, मग असं गरजलं की समोरच्या हॉटेलातली माणसं हातात कप घेऊन बाहेर आली. काकी गाडीतून उतरेचनात. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या ऐकत राहिल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "ह्योच आवाज, दस्तगीर."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक येणार होते. बेहराम पटेल त्यांचं नाव. जुन्या गाड्यांमध्ये त्यांचे केस पांढरे झालेले. मिस्त्री आणि काकी त्यांना आणायला स्टेशनवर निघाले. निघताना मिस्त्रींनी बॉनेट उघडून मॅनिफोल्डकडं शेवटचं बघितलं. त्याच्या अंगावर कारखान्यानं ओतलेले आकडे होते.

"बघितलंस केरबा? साठ वर्षांचा जुना नंबर हाय ह्यो. पाहुणा पहिल्यांदा ह्येच बघणार. फडक्यानं पूस. नंबर ठळक दिसला पायजे."

"जुना नंबर हाय?" केरबानं विचारलं.

"लई जुना."

मिस्त्री गेले. केरबा मॅनिफोल्डकडं बघत उभा राहिला. मिस्त्री वयानं थकले, एवढी मोठी गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटली, याचं त्याला वाईट वाटलं. त्यानं फडक्यानं पुसलं. मग कानस घेतली.

अकरा वाजता तिघं आले. पटेलांनी आधी आवाज ऐकला आणि डोळे मिटले. "वा," म्हणाले. "पस्तीस वर्षांत दुसऱ्यांदा ऐकतो आहे." इंदूकाकींनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्रींनी छाती पुढं काढली. इंजिन बंद झालं. पटेलांनी चष्मा पुसला, बॅटरी लावली आणि वाकले.

बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

"मिस्त्री, ओतकाम अस्सल आहे. यात शंकाच नाही. पण हा नंबर..." त्यांनी पुन्हा बघितलं. "दहा आकडी नंबर या कारखान्यानं कधीच घातला नाही. माझ्या यादीत असा नंबर नाही."

"नीट बघा साहेब," मिस्त्री म्हणाले.

"बघतोय ना. अगदी ठळक आहे. नवा कोरा." पटेलांनी खिशातून फोन काढला. "थांबा, मी हे आकडे मुंबईच्या माझ्या मित्राला लिहून पाठवतो."

केरबाला राहवलं नाही. तो पुढं आला. "साहेब, लिहायला कशाला? तसाच लावा की. लागतोय."

पटेल गोंधळले. पण गोंधळात माणूस सांगितलेलं करतो. त्यांनी एकेक आकडा वाचत फोन लावला.

मिस्त्रींच्या खिशात घंटी वाजली.

मिस्त्रींनी फोन काढला. पटेलांकडं बघितलं. मॅनिफोल्डकडं बघितलं. मग सवयीनं कानाला लावला.

"हॅलो," पटेल समोरच उभं राहून म्हणाले, "कोण बोलतंय?"

"दस्तगीर गॅरेज," मिस्त्री म्हणाले, आणि त्याच टायरवर मटकन बसले.

इंदूकाकींनी तोंडाला पदर लावला. आधी वाटलं, रडतायत. पण त्यांचे खांदे गदगदत होते, आणि मग त्या मोठ्यानं हसायला लागल्या. हसता हसता गाडीला टेकल्या.

केरबाची मान ताठ झाली होती. तो मिस्त्रींच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "बघितलं मिस्त्री? पाटीवर घातला तर चार दिवस फोन न्हाई. हितं घातला आन् लगेच गिऱ्हाईक!"